बार्लीसाठी उघडं दार

सस्कॅचेवान, कॅनडा, जानेवारी

लाडक्या आयलीनला बाबाचे आशीर्वाद.

मी बरा आहे, जेवणही वेळेवर होतं. प्राण्यांच्या निवाऱ्यातून बार्ली नावाचा म्हातारा कुत्रा घरी आणलाय. तिथली नोरीन म्हणाली, "याला जन्मभर गोठ्यात कोंडून मारहाण केलीय. दार लागलं की जागीच मुततो बिचारा. आठवड्यात परत आणाल, बघा!"

म्हणून दार किलकिलं ठेवतो. बर्फ आत येतो, पण मी कोट घालून सूप पितो. सर्दी फारशी नाही. शेजारचा डग ओरडतो, "कुत्र्यापायी मरशील, म्हाताऱ्या!"

काल तुझ्या आईचा वाढदिवस. तिचा स्वेटर कपाटातून काढला आणि मला रडू आवरेना. डगला ऐकू जाऊ नये म्हणून दार लावलं. बार्लीचं भानच राहिलं नाही.

तो थरथरू लागला, फरशी ओली झाली. मी "चुकलो रे" म्हणेपर्यंत तो सरपटत आला आणि माझ्या गुडघ्याला टेकला, कापतच. बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसलो.

तुझ्या छोट्या ओवेनचा खोकला गेला का? व्हँकुव्हरला पाऊस फार, त्याला जप.

आणि हो, काल शेवटी मी उठून दार उघडलं. बार्ली बाहेर गेला नाही गं.

तुझा,
बाबा