घोडीच्या लाथेचा पोचा

आक्कास, भोसरीच्या शेडमधून ज्योतीरामचा नमस्कार.

तुझ्या लेकीच्या, दिव्याच्या हळदीला लावायची म्हणून दाजींनी ती जुनी पितळी गॅसबत्ती माझ्याकडं आणून टाकली. टाकीवरच्या पोच्याला मी कथलाचा डाग देऊन सळई चिकटवली, हळूहळू ओढून पत्रा सरळ केला आणि बत्ती सोन्यासारखी घासली.

तीस वर्षं दाजी पाव्हण्यांना सांगतात, "माझ्या परण्यात घोडीनं लाथ घातली, तवाचा पोचा हाय." तू मांडवात होतीस, तुलाही तेच खरं वाटतं. पण नवरदेवाच्या त्या मिरवणुकीत बत्ती हौसेनं मीच डोक्यावर घेतली होती. बेंजो वाजला, मी नाचलो आणि ती पडली. कुणीतरी घोडीचं नाव घेतलं, मी गप्प बसलो.

आज दाजी न्यायला आले. नवी जाळी बांधून बत्ती पेटवली, सगळी शेड उजळली, पण दाजींचं तोंड उतरलं.

"पोचा कुठं गेला रं?"

मी सगळं कबूल केलं. ते पोट धरून हसले.

"घोडीवर मीच बसलो हुतो की. मेव्हण्याला चारचौघांत उघडं पाडायचं व्हय? हुता तसा पोचा घाल. आन आक्काला सांगू नगं."

मी शब्द दिलाय, म्हणून हे पत्र हत्यारांच्या पेटीतच राहील.

जन्मभर गाड्यांचे पोचे काढले, आज बत्ती विझवून पहिल्यांदाच एक घातला. दाजी शेजारी उभं राहून सांगत होते, "जरा खाली घे. खूर तिथं लागला हुता."

घोडीचा जन्माचा ऋणी,
तुझा ज्योतीराम