रिकाम्या हातानं आलेला पाहुणा

सुरत

प्रिय आराधनाला नोहाचा सलाम,

डेंगू हुता, पन ताप उतरला. फोनवर मम्मी ऐकती म्हनून लिहितो. तिला सांगू नको.

इथल्या नर्सबाई म्हनल्या, "डासातून विषाणू रिकाम्या हातानं येतो. आपल्या पेशीत शिरतो, आपलीच प्रथिनं कामाला लावतो आन् स्वतःची पिल्लावळ वाढवतो."

मला लगेच आपल्या घरी राह्यला आलेला जस्टिन आठवला. मावसभाऊ असला म्हनून काय झालं? माझी मोटारसायकल फिरवतो, माझं जर्किन घालतो. मम्मी त्याला माझ्या ताटात वाढती म्हनं. तू तरी त्याचं नाव किती येळा घेती?

पुणतांब्यात नदीकडं डास लई. मच्छरदाणी लावता ना?

गाडी वापरू दे त्याला. पन रविवारी चर्चला पायी जा, त्याच्या मागं बसू नको.

तुझाच,
नोहा