वहीतून खोडलेलं नाव

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. बाप्तिस्म्यासाठी पांढरा झगा हवा, छाती बेचाळीस, असं लिहिलंयस. लबाडा, चव्वेचाळीस लागेल. तुझी मापं मी शाळेच्या चड्डीपासून घेत आलेय. कापड बेतून झालं, मशीनवर चढवलं, पण पुढे हात चालेना. कारण शेवटी तू लिहिलंयस की ताई, हे सगळं तुझ्या प्रार्थनांमुळेच झालं.

ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगते. बावीस वर्षं रोज सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या आधी मी वहीतली नावं वाचून प्रार्थना करायचे. पहिलं नाव तुझं. तू गॅरेजमध्ये बसून माझी टिंगल करायचास, देवाला माझा पत्ता देऊ नकोस म्हणायचास. आईला पुरलं तेव्हाही तू कब्रस्तानाच्या फाटकाबाहेरच उभा राहिलास. माझं डोकंच फिरलं. घरी आले आणि तुझं नाव खोडून टाकलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती? त्यानंतर तीन महिने तुझ्यासाठी एक शब्द काढला नाही रे. आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत तू बदललास! तेही कुणी उपदेश न करता, तूच लिहितोस तसं, बसखाली आडवा पडून गिअरबॉक्स उतरवताना.

चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तारण, म्हणजे माणसाचा उद्धार, हे देवाचं काम, निवडही त्याचीच. तुम्ही मागितलंत म्हणून नाही, त्याने बोलावलं म्हणून तुमचा भाऊ आला. ऐकून आधी हलकं वाटलं. रस्त्यात मनात आलं, मग माझी बावीस वर्षं कशाला? परत जाऊन विचारलं, तर म्हणे प्रार्थना करायला लावणाराही तोच. मग खोडायला कुणी लावलं? काही म्हणता काही कळत नाही. आनंद झालाय, शप्पथ, पण मधूनच तुझा रागही येतो. मी चर्चचे पडदे शिवले, एक रविवार चुकवला नाही, आणि हाक आली तुला, न मागता. मला अशी हाक कधी आली ते आठवतच नाही. लहानपणी आईने बोट धरून नेलं, आणि मी जात राहिले.

झगा शनिवारपर्यंत होईल, बाह्या सैल ठेवते. पत्राचं कारण वेगळंच आहे. तुझं नाव खोडल्यापासून मला कुणासाठीच प्रार्थना करता येत नाही. गुडघे टेकते, शब्द फुटत नाही. त्याने मला निवडलंय की नाही, कुणाला विचारू? तुझी त्याच्याशी ताजी ओळख आहे. रविवारी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आलास की सगळ्यात आधी माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझीच,
ताई