काटे सोडले तर सहल उत्तम

तीर्थस्वरूप वन्संना,

नमस्कार. तुमचे गुडघे आता तुमचं ऐकतात, की अजून तुम्हीच त्यांचं ऐकता? माझी तब्येत ठीक आहे. आवाज जरा बसलाय, पण पत्रात तो ऐकू येत नाही हे बरं.

दक्षिणेकडच्या त्या समुद्रकाठच्या जुन्या शहराची सहल परवा आटोपली. तुमच्या भाच्याची अट तुम्हाला ठाऊकच आहे: एकटी जातेस तर जा, पण काही कमीजास्त झालं तर पुढल्या वर्षीपासून आमच्याबरोबरच यायचं. (म्हणजे त्यांनी फिरायचं आणि मी हॉटेलात नातवाला झोपवायचं.) तेव्हा काही कमीजास्त झालं नाही, हे आधीच लिहून ठेवते.

वाचनालयातून त्या शहरावरची जाडजूड पुस्तकं आणून मी वाचून काढली होती. किल्ल्याची कुठली भिंत कुणी पाडली, कुणी बांधली, सगळं पाठ. तो सोमवारी बंद असतो, हे मात्र एकाही पुस्तकात नव्हतं. आम्ही सहलीची मंडळी सोमवारीच गेलो. आमचा वाटाड्या तोंड आमच्याकडे करून उलटा चालायचा, त्यामुळे जे दाखवायचं ते एकट्या त्यालाच दिसत नसे. बंद दरवाजासमोर उभं राहून त्याने आतलं सगळं वर्णन केलं. मग जुन्या गोदामांची गल्ली पाहिली. खाऱ्या हवेने खिडक्यांच्या रंगाचे पापुद्रे सुटलेत, ते मला फार आवडलं. एका खिडकीत एक आजी लसूण सोलत होत्या. आम्ही फोटो काढायला लागलो तशी त्यांनी खिडकी लावून घेतली. मी असते तर तेच केलं असतं.

मग जेवण. बंदराजवळची खानावळ, लांब बाकं, आणि ताटात अख्खा मासा, डोक्यासकट. आता हे तुमच्याशिवाय कुणाला कळायचं नाही, वन्सं. मला मासे खाता येतात, काटे काढता येत नाहीत. लग्न झाल्यापासून तुमचे भाऊच काढून द्यायचे. आधी माझा तुकडा साफ करून माझ्या ताटात सरकवायचे, मग स्वतःचा, आणि सगळा वेळ डोळे वर्तमानपत्रात. मासा मुळात तसाच असतो, असं मला वाटायला लागलं होतं. ते गेल्यापासून मी मासा खाल्ला नव्हता. लोक म्हणतात, नवऱ्यासाठी सोडला. मी खोडून काढलं नाही. ते अगदीच खोटंही नाही.

तर त्या दिवशी खाल्ला, आणि दुसऱ्याच घासाला काटा अडकला. इतिहासाबद्दल सहलीतल्या कुणाला काही सांगता येत नव्हतं, पण काट्यावर प्रत्येकाकडे उपाय होता. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "कोरडा भात गिळा, न चावता!" त्यांचे यजमान म्हणाले, "केळं द्या, केळं."

"तुमचं केळं ठेवा हो बाजूला, त्यांचे डोळे बघा कसे झालेत!"

तेवढ्यात मागून कुणीतरी पाठीत असा दणका घातला की काटा जागच्या जागी राहिला आणि कवळी हलली. मग आचारी विजेरी घेऊन आला, मला आ करायला लावून आत डोकावला, आणि त्याच्यामागे रांगच लागली. किल्ला बंद असल्यामुळे त्या दिवशी माझा घसा हेच प्रेक्षणीय स्थळ झालं. शेवटी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने काटा काढला आणि विचारलं, "घरचं कोण आहे सोबत?" मी बाहेर उभ्या असलेल्या अख्ख्या सहलीकडे बोट दाखवलं.

बाकी सहल उत्तम.

तुमची भावजय

ता. क. भाच्याला यातलं अक्षरही सांगू नका. विचारलंच तर म्हणा, मजेत होती.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. काटे काढायला तुम्हा दोघा भावंडांना तुमच्या आईने शिकवलं. येत्या रविवारी मासे घेऊन येते, मला शिकवा. काढून द्यायचे नाहीत. हात पदराखाली ठेवायचे आणि तोंडाने सांगायचं. (ते तुम्हाला जड जाणार नाही.) पुढल्या वर्षी मला पुन्हा एकटीलाच जायचंय, आणि तेही समुद्राकडेच. घास अडकला तर लगेच धावू नका. माझं मी निस्तरते का, ते बघायचंय. फार वेळ मात्र बघत बसू नका.