ढब्बूचा पट्टा

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे मजेत.
आनंदाची बातमी म्हणजे ढब्बू गप्प झाला! तुला माहीतच आहे, माप द्यायला गिऱ्हाईक आलं की हा कापडाच्या टेबलाखालून भुंकून दुकान डोक्यावर घ्यायचा. शेवटी कुत्र्यांना शिकवणारा एक मास्तर गाठला. त्याने विजेचा पट्टा दिलाय. ढब्बू नुसता गुरगुरला तरी खिशातलं बटण दाबून मानेला झटका द्यायचा. मास्तर म्हणतो, लागत नाही, गुदगुल्या होतात. पट्टा घट्ट हवा होता, मग काय, शिंपी घरचाच! एक बोट आत जाणार नाही असा बेतून बसवलाय. रोज काढघाल नको म्हणून गळ्यातच ठेवतो.
तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलीस, पण हा उपाय काही तुला सुचला नाही!
तुझा शहाणा भाऊ

९ ऑगस्ट

चि. धाकट्यास आशीर्वाद. या खेपेला हात आखडून देतेय.
पत्र वाचून शिसारी आली. गुदगुल्या होत असतील तर तूच घाल तो पट्टा, मी येऊन बटण दाबते. अरे, तो कुत्रा घाबरट आहे, उर्मट नाही. अनोळखी माणूस अंगावर वाकलं की त्याची गाळण उडते. गुरगुरून तो सांगत असतो, बाबांनो, लांब राहा. ते सांगणंच तू बंद केलंस. भीती गेलेली नाही, फक्त आवाज गेलाय. असल्या मास्तरला मी दाराबाहेरच्या पायपुसण्यावरही उभं करणार नाही.
पट्टा आजच्या आज काढ.
ताई

२१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
ढब्बू आपल्या छकुलीला चावला. तिच्या तळहाताला चार टाके पडले, इंजेक्शनं चालू आहेत. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, सरळ धरलं. आणि ती परकी का आहे? आठ वर्षांची पोर, त्याला आपल्या ताटातलं भरवणारी! छकुलीच्या आईने अन्नपाणी सोडलंय. घरात एक तर कुत्रा राहील नाही तर मी, म्हणते. मास्तर म्हणाला, जातच खराब, मरणाची सुई देऊन मोकळे व्हा. रविवारी त्याला तुझ्याकडे आणतो. दवाखान्यात तेवढं सांगून ठेवशील का?
पट्ट्याचं तू लिहिलं होतंस. मी काढला नव्हता.
तुझा भाऊ

२३ ऑगस्ट

चि. धाकट्या,
पोरीचा हात जप, तिला माझे पापे दे.
आता ऐक. सुईचं मी कुणालाही सांगणार नाही. ती मागताना तुझी बोटं कशी झडली नाहीत? पट्टा काढ. त्याआधी तोंडाला जाळी बांध, कारण त्याला दुखणार आहे. मग मानेवरचे केस बाजूला करून नीट बघ. आणि छकुलीला विचार, चावला तेव्हा तिचा हात कुठे होता. जे दिसेल ते लिही. त्यानंतरही सुई हवीशी वाटली, तर माझ्या दारात येऊ नकोस.
ताई

२५ ऑगस्ट

ती. ताईस,
न. वि. वि. पट्टा काढला. आधी वास आला. ताई, दुकानभर तो वास पसरला. ही तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. पट्ट्याचे झटका देणारे दोन खिळे रुतून मानेत दोन भोकं पडलीत, पू भरलेली. केस त्यात चिकटलेले. मी मोरीत जाऊन ओकलो.
छकुलीने त्याच्या गळ्यात हात टाकून मिठी मारली होती. रोज मारते तशीच.
मी माणसांची मापं घेतो तेव्हा गळ्यात दोन बोटं सैल सोडतो. श्वास घ्यायला नको का, असं वर गिऱ्हाइकालाच ऐकवतो. माझीच मला किळस येते. मास्तरने फक्त सांगितलं, आवळला मी. हिला सगळं दाखवलं. तिने कोमट पाण्याचं भांडं आणून ठेवलं.
रविवारी येतो. सुईसाठी नाही. जखमा बघशील ना?
भाऊ

१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू सांगितलंस तसंच चाललंय. गिऱ्हाईक आलं की ढब्बू मागच्या खोलीत. दाराच्या फटीतून माणूस लांबवर दिसला की छकुली ढब्बूकडे उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकते, जवळ जात नाही. मास्तर पट्टा परत न्यायला आला होता. जावयासारखा खुर्चीत बसला आणि कुत्रा अजून जिवंत कसा म्हणून विचारू लागला. हिने त्याला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.
पण इतके दिवस ढब्बूच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नव्हता. मी मलम लावायला बसलो की अंग चोरून थरथरायचा, डोळे माझ्या खिशावर. खिशात आता मापाची टेप असते, पण त्याला ते कसं कळावं?
काल मानेकडे हात नेला, आणि तो गुरगुरला. माझ्यावर! अगदी बारीक, घशातल्या घशात. छकुली आतून ओरडली, बाबा, ढब्बू बोलला! मी हात मागे घेतला आणि त्याच्यासमोर फरशीवर बसून पोरासारखा रडलो.
मलम राहिलंच. आज पुन्हा बघतो, तो हो म्हणाला तर.
तुझा लोभ मागायला तोंड नाही. तू देशीलच, हे ठाऊक आहे.
तुझा धाकटा