काकडीची साल

४ मार्च, सोमवार

आजही शून्य! उठल्याउठल्या लिंबाची साल नाकाशी धरून पिळली. डोळ्यांत उडाली, चुरचुरली, पाणी आलं. वास नाही. कॉफीच्या डब्यात तोंड खुपसलं, तिथेही तेच. ताप गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, "येईल हळूहळू, कधी ते सांगता येत नाही." एवढं तर मीही सांगितलं असतं.

जीभ शाबूत आहे. आंबट, गोड, कडू कळतं. पण बारमनने तेवढ्याचं काय करायचं? जिन म्हणजे वासच. तो काढला तर उरतं जळजळणारं पाणी.

बारमध्ये कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. जुनी ड्रिंक्स हाताला पाठ आहेत, निभून जातं. पण शनिवारी मालकीणबाई नवीन मेन्यू चाखणार आहेत. एक क्लासिक, एक त्याचा ट्विस्ट. जमलं तर काउंटर माझ्याकडे राहील. नाही जमलं तर खाली स्टोअरमध्ये बसून बाटल्या मोजायच्या, आणि वर माझ्या जागी हाताखालचा लंबू. मीच शिकवलाय त्याला, त्यामुळे रागावताही येत नाही.

म्हणून सगळी तयारी घरी, ओट्यावर. हिच्या नाकाने! तापात दोघं एकदमच पडलो होतो, पण हिचं नाक वाचलं. मी विचारलं होतं तेव्हाच. "येतो की वास, मला काय झालंय!" ताडकन म्हणाली. घरात एक तरी नाक चालू आहे, हेच नशीब.

५ मार्च, मंगळवार

मार्टिनीच करायची. जिन आणि ड्राय व्हर्मूथ, बर्फावर ढवळून गार. बस. चुका लपवायला जागाच नाही त्यात. ट्विस्टच्या बाबतीत माझा नियम एकच — एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी जसंच्या तसं. मग पिणाऱ्याला जुनी ओळखही पटते आणि काहीतरी नवीनही लागतं. मी व्हर्मूथ बदलणार. ती शेवटी वाइनच, वास पटकन धरते. तिच्यात काकडीची साल मुरत ठेवली. बाटली खिडकीपाशी.

साल कधी काढायची याला घड्याळ नसतं. नाक सांगेल तेव्हा. हिला बजावून ठेवलंय — तू म्हणशील तेव्हा काढू.

ही एरवी दारूला शिवत नाही. साध्या मार्टिनीचा थेंब जिभेवर ठेवला आणि तोंड असं काही केलं! "अहो, लोक हे हौसेने पितात?" हसलो. कितीतरी दिवसांनी.

६ मार्च, बुधवार

"काढू का साल?"

"राहू दे. छान येतोय."

७ मार्च, गुरुवार

बारमध्ये एका बाईंनी ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले. म्हणाल्या, "काय सुंदर वास आहे हो! कशाचा?" मी हसून काहीतरी थाप मारली. मग आत जाऊन नळ सोडला आणि रडलो. चाळिशी उलटलेला बाप्या! दुसरं काही येत नाही मला. आयुष्यभर वासावर जगलो, आता काय करू? बहिऱ्याला पेटी वाजवायला बसवल्यासारखं झालंय.

घरी आलो तर ही बाटली हुंगत उभी. "नुकत्याच कापलेल्या काकडीसारखा येतोय," म्हणाली. किती नेमकं बोलली! बारमनची बायको शोभते. "अजून राहू दे," म्हणाली. राहू दिली.

८ मार्च, शुक्रवार

साल पिवळी पडली आहे. पडतेच. उद्या सकाळी गाळायची.

९ मार्च, शनिवार

संपलं.

साधी मार्टिनी मालकीणबाईंना आवडली. मान डोलावली. मग दुसरा ग्लास ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबल्या. खाली ठेवला. रुमाल काढून नाकाला लावला.

"फुलदाणीतलं शिळं पाणी पाजताय का आम्हाला?"

लंबूने ग्लास हुंगला आणि दुसरीकडे बघायला लागला. हसलासुद्धा नाही बिचारा. हसला असता तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही स्वतः वास घेतला होता ना याचा?"

"हो," म्हणालो. आणखी काय म्हणणार!

सोमवारपासून स्टोअर.

घरी आलो आणि हिच्यावर तुटून पडलो. "एक काम सांगितलं होतं तुला! एक! सडलेलं आणि ताजं यातला फरक कळत नाही? आंधळ्या विश्वासाने बसलो तुझ्या भरवशावर!" आणखीही बोललो, ते इथे लिहायची लाज वाटते. हिने उरलेली बाटली बेसिनमध्ये ओतली. बेसिनवरच वाकून, सावकाश. नाकसुद्धा मुरडलं नाही. इतकी थंड! मला तेव्हा त्याचाच जास्त राग आला.

१० मार्च, रविवार

बोलणं बंद. मीही नाही, तीही नाही. सगळे ग्लास पेटीत भरून माळ्यावर टाकले.

१२ मार्च, मंगळवार

स्टोअरमध्ये खिडकी नाही. कुबट वास येत असणार. येवो बापडा, मला काय त्याचं!

संध्याकाळी माझी ताई आली. दारातच ओरडली, "अगं बाई, काय करपतंय?" दूध! पातेलं बुडाशी काळंठिक्कर. मी पुढच्या खोलीत आडवा होतो, मला कळायचा प्रश्नच नव्हता. पण ही ओट्याशीच उभी होती. शेगडीकडे पाठ करून भाजी चिरत होती. हातभर अंतरावर.

"लक्षच नव्हतं हो माझं," ताईला म्हणाली. जरा जास्तच हसत म्हणाली.

"लक्ष कशाला लागतं? जिन्यापर्यंत येतोय वास!" ताई म्हणाली, आणि खिडक्या उघडत सुटली.

ताई गेली. पातेलं घासायला मी घेतलं, तर ही बाजूला होईना. म्हणून तसाच उभा राहिलो. तेव्हा एकदम आठवलं — "नुकत्याच कापलेल्या काकडीसारखा". हे वाक्य हिचं नाही. माझं आहे. लग्न नवीन होतं तेव्हा एका जिनबद्दल मी हिला हेच सांगितलं होतं, आणि ही मला पुढे कित्येक दिवस "काय हो काकडी" म्हणून चिडवत होती.

पुढे लिहिवत नाही.

१३ मार्च, बुधवार

माळ्यावरून पेटी काढली. दोन मार्टिनी केल्या, अगदी छोट्या. हिला हाक मारली. म्हणालो, एकीत संत्र्याची साल पिळलीय, एकीत लिंबाची. ओळख बघू.

हिने दोन्ही ग्लास नीट हुंगले. डोळे मिटून, मी हुंगायचो तसे. माझ्याकडे बघितलं. मग बोट ठेवून म्हणाली, "हे संत्रं, हे लिंबू. छान आलेत हो दोन्ही वास!"

साली दोन्ही न पिळलेल्या, माझ्या खिशातच होत्या.

"अगदी बरोबर," मी म्हणालो.