भिंतीवरची पाचवी ओळ

६ सप्टेंबर १९६८, सकाळी ६:४०. शिकागो.
चित्राच्या मोठ्या कागदाला सुईने भोकं पाडत होतो. त्यांवरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवली की चित्र भिंतीवर उतरतं. भिंतीवर आजवर सिगारेटची जाहिरात होती. आता आम्ही काळी माणसं तिथे स्वतःला रंगवणार. मधली धोबीण, जिच्या हातात सूर्य आहे, मी काढली. भिंतीचं काम बघणाऱ्या समितीत रोलंड तिला ‘माझी कल्पना’ म्हणतो. घाईत म्हणत असेल.
रोलंड आणि मी तीन वर्षं एका खोलीत, एका पलंगावर. वस्तीसाठी मावसभाऊ.

९ सप्टेंबर.
पेपरात भिंतीचा फोटो. पुढे रोलंड. घरमालकीण मिसेस प्रूइट जिन्यात म्हणाल्या, बाळा, रंग तुझ्या नखांत आणि फोटो त्याचा? मी म्हटलं, तो उंच आहे, फोटोत बरा दिसतो. म्हणाल्या, माझा पहिला नवराही उंच होता.
संकल्प: जिन्यात थांबायचं नाही.

१३ सप्टेंबर.
चित्रकारांची नावं लिहायचं काम माझ्याकडे. माझ्याइतकी सरळ अक्षरं कुणाची नाहीत. रीत अशी, की लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव सगळ्यांत खाली घालायचं. यादीत चारच नावं आली. बरोबरच आहे, माझं मला कशाला कळवतील? पाचवी ओळ आखली. अँब्रोज टिलरी, इंग्रजीत चौदा अक्षरं. नीट बसतात.

१७ सप्टेंबर.
रोलंड बूट पुसत होता. मान वर न करता म्हणाला, चर्चच्या रेव्हरंडसाहेबांच्या कानावर आपल्या दोघांचं गेलंय. तुझं नाव दिसलं तर चर्च भिंतीला पैसे देणार नाही. चळवळ मोठी की तू? मी लगेच म्हटलं, चळवळ. तो खूश झाला. नाव मागाहून घालू म्हणाला. तो शब्द पाळतो. थोडा उशीर करतो, इतकंच.

२० सप्टेंबर.
पाचव्या ओळीसाठी रोलंडने चिठ्ठी दिली. कोरिन मॅडॉक्स. रेव्हरंडांची भाची. भिंतीपाशी ती एकदा लिंबू सरबत घेऊन आली होती. तेरा अक्षरं, मधली जागा वाढवून बसवली. स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं. नाव कुणाचंही असो, चुकू नये.

२२ सप्टेंबर, रविवार.
उद्घाटन. रेव्हरंड म्हणाले, ही भिंत सगळ्यांची. मग म्हणाले, रोलंड आणि कोरिनचं लग्न नोव्हेंबरात. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, लोक बघत होते. मिसेस प्रूइट हळूच म्हणाल्या, ती धोबीण तुझी आई ना? तुझ्या खोलीत फोटो पाहिलाय. मी हो म्हटलं. बाकी कुणी विचारलं नाही.

२३ सप्टेंबर.
मी कामावर असताना रोलंडने सामान नेलं. समितीचं पत्र आलं: उरलेला सोनेरी रंग परत करा किंवा पैसे भरा. रंग उरलेलाच नाही. सगळा सूर्यात गेला.
खर्च: सुया १० सेंट, कोळसा १५ सेंट, ब्रश १ डॉलर २०.
देणं: समितीला, रंगाचे १ डॉलर ४०.
येणं: रोलंडकडून, भाड्याचा अर्धा वाटा, २१ डॉलर. त्याने पत्ता ठेवलेला नाही.